गायरान, गुरें आणि गवत

पिरंगुटाहून पौडाकडे जातांना रस्त्याच्या दोहों बाजूंस जे डोंगर लागतात, ते श्रावण-भाद्रपदांत एकसारखे हिरवेगार असतात. तेच डोंगर फाल्गुनांत पाहिले तर एकाच डोंगराचे तीन रंग झालेले आढळतात. एका उतारावर गुडघ्याएवढें पिवळें गवत उभें असतें. शेजारच्या उतारावर वणव्याची काळी राख पसरलेली असते. आणि तिसऱ्या ठिकाणीं मुरूम उघडा पडून दगड वर आलेले असतात. पाऊस तिन्ही ठिकाणीं एकच पडला, खडक एकच, ऊनही तेंच. मग हा भेद कशानें झाला? या प्रश्नाचें उत्तर बहुतांशीं एकाच गोष्टींत सांपडतें, तें हें कीं, त्या त्या जागेवर गुरें किती, केव्हां आणि किती दिवस चरलीं. गुरांची चराई व डोंगरावरील वनस्पति यांचा हा संबंध विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या प्रांताची स्थिति ध्यानांत घेऊं. पुणें शहरास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस जसजसें जावें तसतसा तो वाढत जातो व ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर ५,००० मिलिमीटरांच्याही वर जातो. पिरंगुट या दोहोंच्या मध्यें आहे. हा पाऊस मुख्यत्वें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो; उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे जातात. म्हणजे डोंगरावरील गवतास आपला वर्षाचा संसार चार महिन्यांत उरकावा लागतो. उगवणें, वाढणें, फुलणें, बीं टाकणें आणि पुढील वर्षासाठीं मुळांत शिदोरी सांठविणें, हीं सारीं कामें त्यास याच अवधींत करावयाचीं असतात. या चार महिन्यांत आपण गवताशीं जसें वागूं, तसें तें उरलेल्या आठ महिन्यांत आपल्याशीं वागतें.

गवताची घडण

आंब्याच्या किंवा सागाच्या रोपाचा शेंडा शेळीनें खाल्ला कीं त्या रोपाची वाढ खुंटते, कारण त्याचा वाढता कोंब शेंड्यास असतो. गवताची रचना निराळी आहे. त्याचा वाढता भाग जमिनीलगत, पानाच्या बुडाशीं असतो. वरचें पान गाईनें तोडलें तरी तें खालून पुन्हा वर सरकत येतें. म्हणूनच गवत व चरणारीं जनावरें लक्षावधि वर्षें एकमेकांच्या संगतींत नांदत आलीं आहेत. चरणें हा गवताचा नाश आहे असें जें कांहीं लोक समजतात, तें यावरून चुकीचें ठरतें. माफक चराईनें जुनीं पानें निघून जातात, बुडाशीं उजेड पोंचतो व नवे फुटवे येतात.

परंतु या सहनशीलतेस मर्यादा आहे. वनस्पतीचें अन्न पानांत तयार होतें व त्यांतील एक भाग मुळांस जातो. पान गेलें कीं नवें पान काढण्यासाठीं झाडास आपल्या सांठ्यांतून खर्च करावा लागतो. तें नवें पान कमावतें होण्याच्या आधींच पुन्हा खाल्लें गेलें, तर खर्चावर खर्च होऊन सांठा संपतो आणि मुळें आंखडत जातात. अमेरिकेंतील क्रायडर नांवाच्या शास्त्रज्ञानें यासंबंधीं केलेले प्रयोग १९५५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसून आलें कीं, निम्म्यापेक्षां कमी पाला कापला तर मुळांची वाढ चालूच राहते. त्याहून बराच अधिक कापला कीं ती अडूं लागते. आणि ऐंशी-नव्वद टक्के पाला एकदम काढला तर ती पुष्कळ दिवस अजिबात थांबते. याचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: अर्धें खावें, अर्धें राखावें. वरचें अर्धें गवत गुराचें आणि खालचें अर्धें गवत त्या गवताचेंच होय.

आंखूड मुळाचें गवत हें थोड्या भांडवलाच्या दुकानासारखें असतें. बरे दिवस असले तर तें चालतें. परंतु जुलैच्या मध्यांत पावसानें पंधरा दिवस ओढ दिली कीं खोल मुळांचें गवत तग धरतें आणि उथळ मुळांचें वाळून जातें.

कोणतें गवत जातें व कोणतें येतें

आतां गुरांकडे वळूं. सर्व जनावरें सारखीं चरत नाहींत. गाईस वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात; ती जिभेनें पुंजका ओढून तोडते, म्हणून फार खुजें गवत तिला नीट खातां येत नाहीं. मेंढीसही ते दांत नसतात, परंतु तिचे ओंठ पातळ व दुभंगलेले असल्यानें ती अगदीं जमिनीलगत चरूं शकते. म्हैस जाडेंभरडें गवतही खाते. शेळीचा ओढा गवतापेक्षां झुडपांच्या पाल्याकडे अधिक असतो. मागील पायांवर उभी राहून ती बोरीबाभळीच्या फांद्यांस तोंड लावते. तथापि एका बाबतींत सर्वांचें एकमत आहे. रुचकर वनस्पति तीं आधीं खातात आणि बेचव, कांटेरी किंवा उग्र वासाची वनस्पति शेवटीं खातात, अथवा मुळींच खात नाहींत.

या आवडीनिवडीचा परिणाम फार दूरवर पोंचतो. एखाद्या माळावर दहा प्रकारचें गवत आहे व तेथें रोज, बाराही महिने, मोकाट गुरें फिरतात असें समजा. सर्वांत गोड गवत सर्वांत आधीं व सर्वांत अधिक वेळां खाल्लें जाईल. त्यास बीं धरण्यास अवसर मिळणार नाहीं. बेचव गवत मात्र निर्वेध वाढून भरपूर बीं टाकील. असें दहा-पंधरा वर्षें चाललें कीं माळ हिरवा दिसेल, परंतु त्यांत गुरांस खाण्यासारखें थोडेंच उरेल. आपण एकही रोप उपटलें नाहीं, तरी निवड करून करून सारें कुरण बदलून टाकलें.

महाराष्ट्रांतील माळांवर ही उतरण ठराविक पायऱ्यांनीं होते. भारतांतील गवताळ प्रदेशांची पाहणी करून दाबडघाव व शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत देशांतील गवतांचे पांच मोठे प्रकार केले आहेत. आपल्या दख्खनच्या पठाराचा समावेश ज्या प्रकारांत होतो, त्यास शेडा व मारवेल यांच्या कुळांचीं नांवें दिलेलीं आहेत. शेडा, पवना, मारवेल हीं बहुवर्षायु, खोल मुळांचीं व जनावरांस आवडणारीं गवतें. सांभाळलेल्या कुरणांत त्यांचें राज्य असतें. ही वरची पायरी. चराईचा भार वाढला कीं तीं विरळ होऊन कुसळी पसरते. ही दुसरी पायरी. भार तसाच राहिला कीं कुसळीही हटते व काडीसारखीं, एका पावसाळ्यापुरतीं जगणारीं, उथळ मुळांचीं गवतें येतात. त्यांचा चारा दिवाळीनंतर वाऱ्यानें उडून जातो. शेवटच्या पायरीवर गवत जवळजवळ नाहींसें होऊन टाकळा, रानतुळस, घाणेरी व गाजर गवत हीं ठाण मांडतात. यांतील टाकळा आपल्या ओळखीचा आहे. कोवळेपणीं माणसें त्याची भाजी करतात, परंतु गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून ज्या गायरानांत टाकळ्याचें रान माजलेलें दिसेल, तेथें चराई मर्यादेबाहेर गेली आहे असें खुशाल समजावें. गाजर गवत तर मूळ अमेरिका खंडांतील. त्याची भारतांतील आरंभीची नोंद १९५० नंतरच्या दशकांत आपल्या पुण्यांतच झाली. गुरांनीं उघड्या केलेल्या जमिनीवर तें प्रथम शिरकाव करतें.

कुसळीविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. तिच्या बियाच्या एका टोंकास टोंचदार अणी व दुसऱ्या टोंकास लांब, पिळदार कुसळ असतें. हवेंत ओलावा आला कीं पीळ उलगडतो आणि ऊन लागलें कीं पुन्हा बसतो. या उलगडण्या-वळण्यानें बीं गिरमिटासारखें जमिनींत घुसतें. मेंढ्यांच्या लोंकरींत, गुरांच्या तोंडांत आणि शाळेंतून परतणाऱ्या मुलांच्या कपड्यांत तें शिरतें, तें याच करामतीनें. कुसळी कोवळी असतां गुरें ती आवडीनें खातात, परंतु कुसळें धरल्यावर टाळतात. तेव्हां कुसळीचा माळ पावसाळ्याच्या आरंभीं व मध्यावर चारण्याजोगा किंवा कापण्याजोगा असतो, कार्तिकांत नव्हे.

गवतांच्या या अभ्यासास आपल्या प्रांतांत जुनी परंपरा आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांत काम करणारे विल्यम बर्न्स यांनीं एल्. बी. कुलकर्णी व एस्. आर्. गोडबोले यांच्यासह भारतीय गवतें व कुरणें यांवरील आपला अभ्यास १९२५ सालीं प्रसिद्ध केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे १९३४ सालीं वारले. परंतु चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर त्यांनीं सिद्ध केलेला मुंबई इलाख्यांतील गवतांवरील ग्रंथ पुढच्याच वर्षीं बाहेर पडला व आजही अभ्यासक तो हातीं घेतात. ज्यास आपण नुसतें ‘गवत’ म्हणून पायाखालीं तुडवितों, त्याची एकेक जाति ओळखण्यासाठीं या विद्वानांनीं आयुष्यें वेंचलीं.

माती आणि पाणी

चराईचा परिणाम गवतावर थांबत नाहीं. गुरांच्या खुरांखालीं ओली माती दाबली जाते, तिच्यांतील बारीक पोकळ्या मिटतात आणि पाणी आंत मुरण्याचें प्रमाण घटतें. जेथें गवताची गादी आहे तेथें पावसाचा थेंब आधीं पानावर पडतो, मग हळूच बुडाशीं उतरतो व मुळांच्या वाटेनें खालीं जातो. उघड्या जमिनीवर तोच थेंब हातोड्यासारखा आपटतो, माती उखडतो आणि गढूळ होऊन उताराकडे धांवतो. आपल्या डोंगरांवर काळ्या पाषाणावर मातीचा थर पुष्कळ ठिकाणीं वीतभरही नाहीं. तो एकदां वाहून गेला कीं पुन्हा बनण्यास शेंकडों वर्षें लागतात.

येथें डोंगरावरील शेळीचा आणि खालच्या भाताच्या खाचराचा संबंध येतो. मुळशीच्या आंबेमोहर तांदळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. परंतु खाचरांस लागणारें पाणी वरच्या उतारांवरून झिरपून येतें. उतार उघडे पडले कीं आषाढांत ओढ्यास लोंढा येतो, बांध फुटतात, खाचरांत मुरूम येऊन पडतो. आणि तोच ओढा पुढें लवकर आटतो. ज्याच्या दावणीस एकही गुरूं नाहीं अशा शेतकऱ्यासही डोंगरावरील चराईचा विचार करणें भाग आहे, तें याचसाठीं.

वणवा

आपल्याकडे माघ-फाल्गुनांत डोंगर पेटविण्याची चाल आहे. जुनें गवत जळालें कीं नवें कोवळें फुटतें, असें पुष्कळांस वाटतें. जळालेल्या बुंध्यांतून कांहीं हिरवे कोंब येतात हें खरें. परंतु ते मुळांतील शिल्लक खर्चून आलेले असतात, आणि तेही भुकेलीं गुरें लगेच खातात. आगीनें जमिनीवर पडलेलें चांगल्या गवताचें बीं जळतें, झाडांचीं लहान रोपें मरतात. कुसळीचें बीं मात्र आधींच जमिनींत घुसून बसलेलें असल्यानें बऱ्याच अंशीं वांचतें. दरवर्षीं पेटणाऱ्या डोंगरावर कुसळीच कुसळी दिसते, त्याचें एक कारण हें आहे. शिवाय वळवाचा पहिला पाऊस येतो तेव्हां जमीन राखेनें माखलेली व उघडी असते, आणि ती राख, जी खत व्हावयाची, ती ओढ्यांत वाहून जाते.

केव्हां चारावें, किती चारावें

गवत उगवल्यापासून पहिले पांच-सहा आठवडे अत्यंत नाजूक असतात. त्या वेळीं मुळांतील सांठा पान काढण्यांत खर्च झालेला असतो आणि नवी कमाई सुरू झालेली नसते. नेमक्या याच वेळीं, उन्हाळ्यानें खंगलेलीं गुरें डोंगरावर सोडण्याची घाई होते. दुसरा नाजूक काळ फुलोरा व बीं धरण्याचा, म्हणजे भाद्रपद-आश्विनाचा. या दोन काळांत विसांवा मिळाला तर उरलेल्या वेळीं गवत पुष्कळ चराई सोसतें.

सर्वच गायरानास दोन्ही वेळां विसांवा देणें गांवास परवडत नाहीं. यावर पाळीची चराई हा उपाय आहे. गायरानाचे चार भाग करावे. पहिल्या वर्षीं एक भाग बीं पडेपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, पूर्ण राखावा. बाकीच्या तीन भागांत गुरें आळीपाळीनें फिरवावीं व एका भागांतील गवत निम्में खाल्लें गेलें कीं दुसऱ्या भागांत न्यावीं. दुसऱ्या वर्षीं राखीव भाग बदलावा. चार वर्षांत प्रत्येक भागास एकदां पुरतें बीं टाकतां येतें व गुरेंही उपाशीं राहत नाहींत. यासाठीं तारेचें कुंपणही लागत नाहीं. दगडांच्या खुणा, एक समंजस गुराखी आणि सर्वांनीं मानलेला शब्द एवढें पुरे.

आतां किती गुरें, याचा हिशेब करूं. एक मध्यम गावठी गाय दिवसास सुमारें सहा किलो कोरडा चारा खाते असें धरलें, तर वर्षाचा चारा २,१९० किलो होतो. समजा, झिजलेल्या गायरानाच्या एका हेक्टरांत १,००० किलो कोरडें गवत होतें. अर्धें राखावयाचें म्हणून गुरांस ५०० किलो मिळालें. म्हणजे केवळ चराईवर एक गाय वर्षभर पोसण्यास जवळजवळ साडेचार हेक्टर जमीन हवी. तेंच गायरान सुधारून हेक्टरी ३,००० किलो गवत येऊं लागलें, तर गुरांच्या वांट्यास १,५०० किलो येऊन दीड हेक्टर पुरेल. हे आंकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु त्यांवरून कळून येईल कीं, गवताची तिप्पट वाढ झाली तर त्याच जमिनीवर तिप्पट गुरें पोसतात, आणि गवत घटत असतां गुरें तेवढींच ठेवलीं तर दोहोंचाही नाश ठरलेला असतो. हिशेब न करतां घर चालविणाऱ्याची जी गत, तीच गायरानाची.

जुन्या लोकांची रीत

पाळीच्या चराईस आपण नवी कल्पना समजूं नये. धनगर मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास पूर्वेकडील कोरड्या मुलखांतून मेंढरें घेऊन पश्चिमेस निघतात, त्यांतील कांहीं घाट उतरून कोंकणांत जातात आणि पावसापूर्वीं परततात. कारण दख्खनी मेंढीस घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस सोसत नाहीं. एका जागीं ते थोडे दिवसच मुक्काम करतात. वाटेंत शेतकरी आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो. शेतास लेंड्यांचें खत मिळतें, मेंढपाळास धान्य किंवा पैका मिळतो. या फिरतीमुळें प्रत्येक माळास वर्षांतून दीर्घ विसांवा आपोआप मिळत असे. गवळी-धनगर याहून निराळे. ते घाटमाथ्यावर म्हशी घेऊन राहत, लोणी-तूप विकीत, आणि खालच्या खोऱ्यांत कुणबी भात पिकवीत. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनीं गवळी-धनगरांवर केलेला अभ्यास १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. दोन समाजांनीं डोंगराच्या निरनिराळ्या पट्ट्या वांटून घेतल्यानें कोणा एकीवर सारा भार पडत नसे.

पुढें ही घडी विस्कटली. सरकारी वनखात्यानें डोंगर व गायरानें ताब्यांत घेतल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांस व शेळ्यांस चरावयास जागा उरली नाहीं, अशी तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत केली आहे. आमच्या काळांत पिरंगुटाच्या सपाटीवर कारखाने आले, टेंकड्यांच्या उतारांवर वसाहतींचीं कुंपणें आलीं. एका बाजूस कुंपण पडलें कीं तेथील गुरें उरलेल्या जागेवर येतात, आणि जी जागा कालपर्यंत भार सोसत होती ती आज सोसत नाहीं. दोष मग शेळीस दिला जातो. गांवच्या सामाईक जमिनींचें मोल ओळखून सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत, अशा जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणें दूर करण्याच्या योजना आंखाव्या असें सर्व राज्यांस सांगितलें आहे.

सामाईक कुरणाचा नाश अटळ असतो, कारण प्रत्येकजण आपलें एक जनावर वाढवितो व तोटा मात्र सर्वांवर पडतो, असें गॅरेट हार्डिन या अमेरिकन लेखकानें १९६८ सालीं मांडलें. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनीं देशोदेशींचीं गांवें पाहून दाखविलें कीं, जेथें गांवकरी स्वतः नियम करतात, पाळतात व मोडणाऱ्यास जाब विचारतात, तेथें सामाईक कुरणें शतकानुशतकें टिकलेलीं आहेत. या कामाबद्दल त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हिवरे बाजार आणि बंदीचा दुसरा पक्ष

ऑस्ट्रॉमबाईंच्या म्हणण्याचा पुरावा आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतच आहे. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत पाऊस थोडा. तेथील राळेगण सिद्धी गांवीं अण्णा हजारे १९७५ सालीं सैन्यांतून परतले व गांवकऱ्यांच्या साह्यानें त्यांनीं पाणी अडविण्याचें व डोंगर राखण्याचें काम आरंभिलें. त्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. गांवानें चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान हे नियम स्वीकारले. उतारांवर समतल चर खणले. डोंगरावर गुरें सोडावयाचीं नाहींत, गवत मात्र विळ्यानें कापून न्यावें, असें ठरलें. कांहीं वर्षांत डोंगर गवतानें भरले, विहिरींस पाणी आलें, गोठ्यांत दूध वाढलें आणि पोटासाठीं शहरांत गेलेलीं कुटुंबें परत आलीं. यांतील मर्म असें कीं, बंदी बाहेरून लादलेली नव्हती. ती ग्रामसभेनें घातली आणि राखलेल्या गवताचा लाभ गांवासच मिळाला.

परंतु चराईबंदी हें सर्व रोगांवरील रामबाण औषध आहे असें समजूं नये. तिचा भार कोणावर पडतो हें पाहिलें पाहिजे. ज्याच्याकडे शेत आहे तो कडबा विकत घेईल किंवा बांधावर चारा लावील. ज्या विधवेच्या घरीं चार शेळ्या हीच काय ती पुंजी आहे, तिनें काय करावें? शिवाय गुरें गोठ्यांत बांधलीं कीं डोंगरावरून भारा आणण्याचें काम बहुधा घरांतील बायकामुलींच्या डोक्यावर येतें, आणि मुलीची शाळा बुडते. म्हणून जेथें बंदी करावयाची तेथें आधीं भूमिहीनांसाठीं गवताचा वांटा ठरवावा, शेळ्यांसाठीं एखादा झुडपी उतार मोकळा ठेवावा, आणि मगच कुंपणाची गोष्ट बोलावी.

वनस्पतींच्या दृष्टीनेंही कायमची बंदी सर्वत्र हितावह नसते. वर्षानुवर्षें न चरलेलें व न कापलेलें गवत वाळून सांचतें, खालील फुटव्यांचा उजेड अडवितें व वणव्यास सरपण पुरवितें. साताऱ्याजवळील कासचें पठार रानफुलांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें कुंपण घालून गुरें बंद केल्यानें उंच गवत माजलें व लहान फुलझाडें दबलीं, असें स्थानिक लोकांचें व कांहीं अभ्यासकांचें म्हणणें पडलें आणि त्यावर बराच वाद झाला. उघड्या माळावरच जगणारे प्राणीही आहेत. बारामती तालुक्यांतील सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं राखण्यांत आलें. अशा माळांस ‘पडीक’ म्हणून तेथें सरसकट झाडें लावलीं तर गवतही जातें आणि चिंकाराही. माळ हा माळ म्हणूनच मोलाचा आहे. या जाणिवेनेंच संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष कुरणें व पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें.

विद्यार्थ्यांनीं करून पाहण्याजोगा प्रयोग

वर सांगितलेलें कोणीं केवळ आमच्या शब्दावर मानूं नये. जूनच्या आरंभीं आपल्या घरच्या किंवा मालकाच्या परवानगीनें मिळेल अशा चराऊ जागेंत शेजारशेजारचे दोन चौरस आंखावे, प्रत्येक बाजू एक मीटर. एकाभोंवतीं बोरीबाभळीच्या कांट्यांचें कुंपण करावें, दुसरा उघडा ठेवावा. दर पंधरा दिवसांनीं दोन्ही ठिकाणच्या गवताची उंची मोजून वहींत लिहावी आणि किती प्रकारच्या वनस्पति दिसतात त्या मोजाव्या. नांव ठाऊक नसेल तर आजोबांस किंवा गुराख्यास विचारावें. त्यांस ठाऊक असतें. हात घालण्यापूर्वीं काठीनें गवत हालवावें, कारण विंचूसापही तेथेंच राहतात. दिवाळीच्या सुटींत दोन्ही चौरसांतील गवत कापून, वाळवून, निरनिराळें तोलावें. शेवटीं तळ काढलेला पत्र्याचा डबा दोन्ही जागीं थोडा रोवून त्यांत एकेक तांब्या पाणी ओतावें व तें मुरावयास किती वेळ लागतो तें घड्याळांत पाहावें. एका पावसाळ्यांत फार मोठा फरक न दिसला तर कुंपण तसेंच ठेवून दुसरा पावसाळा पाहावा.

पालकांस विनंति एवढीच कीं, मुलांनीं ती वही दाखविली तर ती ग्रामसभेंत न्यावी. गायरानाचे चार भाग कसे करावे, पहिल्या वर्षीं कोणता भाग राखावा, जाळपट्टा कोणीं काढावा आणि चार शेळ्यांच्या मालकिणीस कोणता उतार द्यावा, हे निर्णय गांवानें जून उजाडण्यापूर्वीं करावयाचे असतात. पाऊस सुरू झाल्यावर गवत कोणासाठीं थांबत नाहीं.